दुधाचं वाळवण

वर्धा रोडवरच्या हॉटेलात
माझं काम किसणीचं.
पार्मेझानची फोड, हातभर किसणी,
आणि खाली ताटात पडत राहतं
लाकडाच्या भुशासारखं काहीतरी महाग.
पहिल्या आठवड्यात बोटं सोलली,
मग बोटांनाच कळलं कुठं थांबायचं.

शेफ गोव्याचा. एकदा पोलेंटा शिकवत होता.
उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ, बारीक धारेनं.
“हात थांबला की गुठळी,” म्हणाला.
मी गप्प.
लहानपणापासून बेसन घोटलेला हात
कुणाच्या सांगण्यानं थांबतही नाही, चालतही नाही.
ताटात थापलं, चीज भुरभुरलं, वड्या पाडल्या.
ही तर पाटवडी, मी मनात म्हटलं,
खोबरं-सांभार घरी विसरून आलेली.

किसता किसता शेवटी साल उरते.
बोटभर जाड, मेणचट पिवळी,
अंगावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं.
ती ओल्या कचऱ्यात जायची.
मी मागितली.
शेफनं मान हलवली, म्हणजे ने.
गेटवर ढोबळे उभा, पिशवी उघड म्हणे.
“काय आहे?”
“साल.”
“कायची?”
“दुधाची.”
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मग रजिस्टरात लिहिलं: कचरा, नग एक.
मी सही केली.

घरी, टेका नाक्याला,
करुणानं वास घेतला आणि पिशवी लांब धरली.
“मायबाई, पोराचे मोजे आणले काय?”
दोन वर्षं गोदामात ठेवतात, मी सांगितलं,
गाडीच्या चाकाएवढं, फळीवर,
अधूनमधून पालथं करतात, पुसतात.
“दोन वर्षं!”
तिनं गच्चीकडे बोट केलं.
जुन्या पातळावर सांडगे, कुरड्या,
मे महिना, सत्तेचाळीस डिग्री,
उचलून टाकलं तर टणकन वाजेल असं सगळं.
“नागपूरच्या उन्हात
दोन दिसांत झालं असतं.
वाळवणच न हे. दुधाचं.”

पाच वर्षं किसतो आहे मी.
मला नाही सुचलं.

त्या रात्री पगाराला आठ दिवस होते.
तिनं कांदा भाजला, खोबरं भाजलं,
काळा मसाला तेलात सोडला,
आणि मटणाचं हाड टाकावं
तशी साल टाकली रश्श्यात.
मंद आचेवर तासभर.
मीठ हातात घेतलं होतं, चाखून परत डब्यात टाकलं.
मग पाटवड्या.

अनिकेत दुसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाला,
“मटण आहे काय?”
नाही.
“मग हाड कुठून आलं?”
त्यानं ती मऊ झालेली साल बाहेर काढली
आणि भिंतीला टेकून
अर्धा तास चघळत बसला.
आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो,
बघितलं असतं तर हसू आलं असतं.

सगळंच जमलं असं नाही.
झुणक्यावर किसून टाकलं, खारट ढोण.
तांब्याभर पाणी पिऊन झोपलो.
वांग्याच्या भरताला तिनं हातच लावू दिला नाही,
म्हणाली, त्याला पाहुणा नको.
मुगाच्या वड्यांत मात्र चिमूटभर,
कडा अशा कुरकुरीत झाल्या
की शेजारच्या भोयरबाईंनी
डाळ कोणत्या दुकानातली ते विचारलं.
करुणानं दुकान सांगितलं.

परवा गेटवर गर्दी नव्हती.
ढोबळेनं रजिस्टर उघडलं,
कचरा, नग एक, लिहिलं,
पेन तसंच धरून इकडेतिकडे पाहिलं.
“ऐक न. रश्श्यात हे
मसाल्याच्या आधी टाकतेत का नंतर?
बायको पुसत होती.”
मसाल्याला तेल सुटलं की, मी म्हटलं.
आणि मीठ शेवटी.

त्यानं ते
शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं.